स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संगीत-फॉन्ट निवडण्यापूर्वी तो कसा तपासावा

सांगलीत विश्रामबागेकडील एका शाळेच्या बँडपथकासाठी मी काही वर्षांपासून संगणकावर स्टाफ-नोटेशनची, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलेखनाची, पाने तयार करून देतो. एका वर्षी १५ ऑगस्टच्या संचलनासाठी हाताने लिहिल्यासारखा दिसणारा एक फॉन्ट मला पडद्यावर इतका आवडला, की मी क्लॅरिनेटपासून युफोनियमपर्यंतची सगळी पाने त्यातच बसवली, एका प्रतीवरून झेरॉक्स काढल्या आणि उरलेल्या मुलांसाठी त्या झेरॉक्सच्याही झेरॉक्स काढल्या. सरावात क्लॅरिनेटच्या मागच्या रांगेतील एक मुलगा एकाच ठिकाणी नॅचरलऐवजी (मूळ स्वराऐवजी) शार्प (अर्धा स्वर चढा) वाजवत राहिला. त्याचे पान हातात घेऊन पाहिले तेव्हा चूक त्याची नसल्याचे लक्षात आले. नॅचरलच्या चिन्हात डावी दांडी फक्त वर निघते आणि उजवी फक्त खाली उतरते, तर शार्पमध्ये दोन्ही दांड्या वरखाली दोन्हीकडे निघतात. त्या फॉन्टातील मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या रेघा झेरॉक्समध्ये फुगल्या होत्या आणि हा फरकच पुसला गेला होता. मी तो फॉन्ट पडद्यावर पाहिला होता, पण ज्या कागदावर, ज्या आकारात आणि जेवढ्या अंतरावरून तो वाचला जाणार होता, तसा एकदाही पाहिला नव्हता. नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांनी तरी हा तपास आधी करावा, म्हणून त्याची पद्धत क्रमाने लिहीत आहे. उदाहरणे प्रामुख्याने म्यूझस्कोअर स्टुडिओ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरची घेतली आहेत, कारण ते विनामूल्य आहे आणि बहुतेक नवशिके सुरुवात त्यावरच करतात.

फॉन्टची फाइल उघडून काही कळत नाही

नवशिक्याकडून पहिली गल्लत येथेच होते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फॉन्टवर दोनदा क्लिक केले, की विंडोजची खिडकी उघडते आणि तिच्यात रोमन लिपीतील एखादे नमुना-वाक्य किंवा नुसते रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट बिघडलेला आहे असे समजून अनेक जण तो काढूनही टाकतात. प्रत्यक्षात त्यातील चिन्हे अक्षरांच्या जागी नसतातच. युनिकोडमध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलेला एक प्रदेश आहे. संगीत-फॉन्टमधील क्लेफ (स्टाफच्या सुरुवातीचे, स्वरांची जागा ठरवणारे चिन्ह), स्वरांची डोकी, रेस्ट (विरामाचे चिन्ह) वगैरे सारे तेथे राहतात आणि फॉन्ट दाखवणारी साधी खिडकी तिकडे फिरकत नाही.

पूर्वी असे नव्हते. अडोबीने १९८५ मध्ये काढलेल्या सोनाटा या फॉन्टमध्ये ट्रेबल क्लेफ हा कळफलकावरील ‘आणि’च्या (&) चिन्हाच्या जागी आणि बास क्लेफ प्रश्नचिन्हाच्या जागी बसवलेला होता. पुढील फॉन्टांनी ही रीत थोडीफार उचलली आणि थोडीफार मोडली, त्यामुळे फॉन्ट बदलला की एखाद्या चिन्हाच्या जागी भलतेच चिन्ह उमटण्याची भीती असे. २०१३ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीत डॅनिएल स्प्रेडबरी यांच्या पुढाकाराने ‘स्मफल’ हा समान आराखडा मांडला गेला आणि त्याचा नमुना म्हणून ब्राव्हुरा हा फॉन्ट खुल्या परवान्याखाली सर्वांना देण्यात आला. या आराखड्यात प्रत्येक चिन्हाचा पत्ता ठरलेला आहे; ट्रेबल क्लेफ ई०५० या क्रमांकावर असतो, भरीव डोके ई०ए४ वर. पत्ते एकच असल्यामुळे आज आपण यादीतून एका फॉन्टऐवजी दुसरा निवडतो आणि सगळे पान क्षणात नव्या वळणाचे होते. म्हणूनच फॉन्ट तपासण्याची खरी जागा स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर हीच आहे.

आधी तपासणीचे पान तयार करावे

आपल्या चालू कामाच्या फाइलवर प्रयोग करू नयेत. एक वेगळी फाइल करावी आणि तिच्यात बारा-पंधरा मापांचे (बारांचे) असे संगीत लिहावे, ज्यात आपल्याला रोज लागणारी सगळी चिन्हे एकदा तरी येतील. ते कानाला गोड लागण्याची गरज नाही. मी स्वतः भूपाचा साधा पलटा घेतो, म्हणजे सारेगप, रेगपध अशा चढत्या ओळी, आणि त्यातच मुद्दाम अडचणी पेरतो.

पहिल्या दोन मापांत पूर्ण, अर्धी, पाव, आठांश आणि सोळांश स्वरचिन्हे यावीत, म्हणजे पोकळ आणि भरीव डोकी शेजारी शेजारी दिसतात. पुढे तेवढ्याच कालमानांचे रेस्ट लिहावेत. आठांश आणि सोळांश रेस्टमधील फरक हा कोणत्याही फॉन्टची चांगली परीक्षा असतो, कारण त्यांत केवळ एका हुकाचा फरक असतो आणि घाईत वाचणाऱ्याला तोच दिसत नाही. एकाच मापात शार्प, नॅचरल, फ्लॅट आणि डबल शार्प घ्यावेत, त्यांपैकी निदान दोन तरी एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांपुढे एकावर एक यावेत. नंतर पियानो, मेझो-फोर्टे, फोर्टे, स्फोर्झांडो ही जोराची अक्षरे, स्टॅकाटोचा ठिपका, अॅक्सेंट, फर्माटा, ट्रिल, सेन्यो आणि कोडा ही चिन्हे यावीत. तालाचा आकडा एकदा चार-चारचा आणि एकदा सहा-आठचा ठेवावा, कारण काही फॉन्टांचे आकडे जाड आणि काहींचे सडपातळ असतात. सुरुवातीला वेग सांगणारी मेट्रोनोमची खूण, म्हणजे पाव-स्वराचे चिन्ह, बरोबरचे चिन्ह आणि १०८ असा आकडा, विसरू नये. तिचे कारण पुढे येईल. शेवटी दोन-तीन मापांत शब्दांच्या जागी देवनागरी सरगम लिहावी.

हे पान एकदाच करावे लागते. माझे अजून तेच चालू आहे.

म्यूझस्कोअरमध्ये फॉन्ट बदलून पाहणे

तपासणीची फाइल उघडून सर्वप्रथम ‘फॉरमॅट’ मेनूतून सध्याची स्टाइल, म्हणजे पानाच्या मांडणीची सगळी मापे, जतन करून ठेवावी. हा केवळ एक मिनिटाचा उपचार आहे, पण तो चुकवल्यास पुढे काय होते ते लगेचच सांगतो. त्यानंतर त्याच मेनूतील ‘स्टाइल’ उघडावे आणि डाव्या बाजूच्या यादीतील ‘स्कोअर’ या पानावर जावे. तेथे संगीत-चिन्हांच्या फॉन्टची एक उघडणारी यादी असते. लीलँड, ब्राव्हुरा, एमेंटालर, गॉनव्हिल, म्यूझजॅझ, पेटालुमा अशी नावे तिच्यात आढळतात.

ही खिडकी ओढून पडद्याच्या एका कडेला न्यावी, म्हणजे मागचे पान मोकळे दिसेल. यादीत फॉन्ट बदलताच मागील पानही लगेच बदलते. खिडकी बंद करण्याची आवश्यकता नसते. हेच या सॉफ्टवेअरमधील खरे पूर्वावलोकन होय. ‘कॅन्सल’ दाबल्यास सारे पूर्ववत होते आणि ‘ओके’ दाबल्यावर पश्चात्ताप झाला तर कंट्रोल-झेड आहेच.

येथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पहिली म्हणजे याच यादीजवळ असलेली एक चौकट, जिचा अर्थ असा, की फॉन्टला साजेशा स्टाइलच्या किमती (जाडी, अंतर वगैरेंचे आकडे) आपोआप भराव्यात. संगीत-फॉन्टसोबत केवळ चिन्हे येत नाहीत, तर स्टाफच्या रेघा, दांड्या, बीम (स्वर जोडणाऱ्या जाड पट्ट्या), मापरेघा किती जाड असाव्यात याची फॉन्टकर्त्याने सुचवलेली यादीही येते. ब्राव्हुराच्या यादीत स्टाफची रेघ दोन रेघांमधील अंतराच्या ०.१३ पट आणि दांडी ०.१२ पट आहे, तर लीलँडमध्ये त्याच गोष्टी ०.११ आणि ०.१० पट आहेत. चौकटीत खूण असेल, तर फॉन्ट बदलताच या किमतीही बदलतात आणि आपण हाताने बसवलेली जाडी निघून जाते. म्हणून स्टाइल आधी जतन करायची.

माझा सल्ला असा आहे, की प्रत्येक फॉन्ट दोनदा पाहावा. एकदा चौकटीतील खूण काढून, म्हणजे फक्त चिन्हांचे वळण बदलेल आणि रेघा तशाच राहतील. आणि एकदा खूण ठेवून, म्हणजे फॉन्टकर्त्याच्या मनातील संपूर्ण पान दिसेल. नवशिके ‘ब्राव्हुरा जाड वाटतो’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना चिन्हे जाड वाटतात की रेघा, हे या दोन पाहण्यांतूनच ठरते. अनेकदा असे निघते, की चिन्हे लीलँडची आवडली आहेत पण रेघा ब्राव्हुराच्या हव्या आहेत. तसे एकत्र करायला कोणतीही आडकाठी नाही, ‘स्टाइल’मधील संबंधित पानांवर त्या किमती हाताने लिहाव्यात.

दुसरी गोष्ट, चिन्हांच्या फॉन्टखाली संगीत-मजकुरासाठीच्या फॉन्टची वेगळी यादी असते. मेट्रोनोमच्या खुणेतील पाव-स्वर किंवा ओळीत लिहिलेले फोर्टेचे अक्षर तिच्यातून येते. पहिली यादी बदलून दुसरी तशीच ठेवली, तर पानावर हाताने लिहिल्यासारखे स्वर आणि वर छापील वळणाची मेट्रोनोमची खूण असे विजोड जोडपे दिसते. तपासणीच्या पानात १०८ चा आकडा यासाठी घातला होता.

आणखी एक फसवी बाब ध्यानात ठेवावी. एखादे चिन्ह निवडलेल्या फॉन्टमध्ये नसले, तर म्यूझस्कोअर ते दुसऱ्या फॉन्टातून उसने आणते. पान रिकामे दिसत नाही, त्यामुळे उणीव लक्षातच येत नाही. सगळी चिन्हे एका हाताची वाटतात का, हे ट्रिल, सेन्यो, डबल शार्प अशा कमी वापराच्या चिन्हांपाशी थांबून पाहावे.

पडद्यावर रेघेची जाडी का ठरवता येत नाही

हे थोडे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. म्यूझस्कोअरमध्ये स्टाफच्या दोन रेघांमधील अंतर नेहमीच्या मांडणीत १.७५ मिलिमीटर असते, म्हणजे वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत स्टाफ ७ मिलिमीटर उंच होतो. लीलँडच्या ०.११ या किमतीने रेघ सुमारे ०.१९ मिलिमीटर जाड होते आणि ब्राव्हुराच्या ०.१३ ने सुमारे ०.२३ मिलिमीटर. इंचाला ९६ ठिपके असलेल्या साध्या मॉनिटरवर एक ठिपका सुमारे ०.२६ मिलिमीटरचा असतो. याचा अर्थ शंभर टक्के आकारात दोन्ही रेघा एका ठिपक्याहूनही बारीक आहेत आणि संगणक त्यांना करड्या छटेने कसेबसे दाखवत असतो. तेव्हा ‘या फॉन्टच्या रेघा फिकट आहेत’ हे पडद्यावर पाहून काढलेले मत बहुधा मॉनिटरविषयीचे असते. चारशे टक्के मोठे करून पाहिल्यास आकारांचे वळण नीट कळते, पण तेव्हा वाचनीयता कळत नाही, कारण तेवढे मोठे पान कोणीच वाचत नाही.

लेसर प्रिंटरची गोष्ट वेगळी आहे. इंचाला ६०० ठिपके असलेल्या प्रिंटरवर एक ठिपका ०.०४ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे लीलँडच्या रेघेला चार ते पाच आणि ब्राव्हुराच्या रेघेला पाच ते सहा ठिपके मिळतात. पहिल्या प्रतीत दोन्ही स्वच्छ येतात. झेरॉक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत मात्र पातळ रेघ तुटू लागते आणि बारीक दांड्या आधी जातात.

कागदावरचे पूर्वावलोकन

प्रत्येक फॉन्टसाठी तपासणीच्या पानाची स्वतंत्र पीडीएफ काढावी आणि फाइलच्या नावात फॉन्टचे नाव घालावे. पीडीएफमध्ये चिन्हांचे आकार सोबत जातात, त्यामुळे दुकानदाराच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मूळ फाइल नेऊन दुकानात उघडण्याचा मोह टाळावा.

दुकानात छपाईच्या वेळी ‘पानात बसवा’ हा पर्याय बहुधा आधीपासून निवडलेला असतो आणि त्याने पान थोडे आकसते. छपाई मूळ आकारातच, म्हणजे शंभर टक्क्यांनीच व्हावी असे सांगावे, आणि घरी आल्यावर पट्टीने मोजावे. स्टाफची उंची मोजण्यापेक्षा लांबी मोजणे सोपे जाते: ए-४ कागदावर दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास असेल, तर पूर्ण ओळ १८० मिलिमीटर भरली पाहिजे. पहिली ओळ पुष्कळदा आत सरकवलेली असते, म्हणून दुसरी मोजावी. ती १७१ भरली तर पान पाच टक्क्यांनी लहान झाले आहे आणि फॉन्टविषयी काहीही ठरवण्यापूर्वी ते पुन्हा छापले पाहिजे.

मग कागद ज्या जागी वाचला जाणार आहे, तेथे न्यावा. स्टँडवरचे पान साधारण दोन-सव्वादोन फुटांवरून वाचले जाते आणि एका स्टँडवर दोघे असतील तर तिरक्या नजरेने. संचलनात वाद्यालाच अडकवलेल्या चिमट्यात ए-५ किंवा त्याहून लहान कागद असतो. तो जवळ असतो खरा, पण पावलागणिक हलतो. या दोन ठिकाणी एकच फॉन्ट उजवा ठरेलच असे नाही. आमच्याकडे चिमट्याच्या पानांसाठी दोन रेघांमधील अंतर १.५ मिलिमीटरपर्यंत कमी करावे लागते, आणि त्या आकारात लीलँडची दांडी ०.१५ मिलिमीटरवर येते. मैदानावरच्या उन्हात ती मुलांच्या डोळ्यांना पुरत नाही. म्हणून संचलनाची पाने मी ब्राव्हुरात करतो आणि सभागृहातील कार्यक्रमाची लीलँडमध्ये. लीलँडचे वळण मला अधिक देखणे वाटते, हे कबूल केले पाहिजे. स्कोअर नावाचे जुने आणि मानाचे स्वरलेखन-सॉफ्टवेअर घडवणाऱ्या लीलँड स्मिथ यांच्या नावावरून तो ओळखला जातो आणि २०२१ च्या आरंभी म्यूझस्कोअरच्या ३.६ या आवृत्तीपासून तो मिळू लागला. लिलिपाँड या दुसऱ्या स्वरलेखन-सॉफ्टवेअरमधून आलेला एमेंटालरही जुन्या कोरीव छपाईच्या वळणाचा, भरदार आहे आणि लहान आकारात टिकतो. पेटालुमा आणि म्यूझजॅझ हे हस्तलिखित वळणाचे फॉन्ट, जेथे वर कॉर्डची नावे आणि खाली एकच धून असते अशा पानांवर शोभतात. शिकाऊ मुलांच्या हाती ते देऊ नयेत असे माझे मत आहे, आणि ते कसे झाले हे सुरुवातीला सांगितलेच.

निवड करताना फॉन्टचे नाव पानाच्या मागे पेन्सिलीने लिहावे, पुढे लिहू नये. वाजवणाऱ्याला तीन पाने एकामागून एक द्यावीत आणि पाहताक्षणी वाजवायला सांगावे. कोणता आवडला असे विचारण्याऐवजी तो कोठे अडखळला त्या मापावर खूण करावी. एकाच मापावर दोन-तीन जण एकाच फॉन्टात अडखळले, तर तेथील चिन्ह भिंग घेऊन पाहण्यासारखे आहे. शेवटी त्या पानाची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स काढून हेच पुन्हा करावे.

देवनागरी सरगमचा प्रश्न वेगळा आहे

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वरलिपी असो किंवा भातखंड्यांची, आपल्याकडील अनेकांची नजर सरगमच्या अक्षरांवर तयार झालेली असते, म्हणून मी स्टाफखाली सरगमही देतो. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की संगीत-फॉन्ट बदलल्याने या अक्षरांना काहीही होत नाही. ती मजकुराच्या फॉन्टातून येतात. म्यूझस्कोअरचा नेहमीचा मजकूर-फॉन्ट एडविन हा आहे आणि त्यात देवनागरी नाही. अक्षरे दिसतात ती संगणकाने परस्पर निवडलेल्या दुसऱ्याच फॉन्टातून, आणि दुसऱ्या संगणकावर ती वेगळी दिसू शकतात. ‘स्टाइल’मधील मजकूर-शैलींच्या पानावर गीताच्या विषम आणि सम ओळींसाठी मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी असा फॉन्ट स्वतः नेमून द्यावा.

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली आणि तार सप्तकासाठी वर टिंब असते. तार षड्जासाठी ‘सां’ लिहिणे सोयीचे, आणि मंद्रासाठी नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, वापरता येतो: ‘प़’, ‘ध़’, ‘ऩि’. कोमलसाठी अधोरेखन चालते. मंद्रातील कोमल निषादात मात्र अधोरेखनाची रेघ नुक्त्यावरूनच जाते आणि टिंब गिळून टाकते. हे घडते की नाही ते मजकुराच्या फॉन्टवर अवलंबून असते, म्हणून तपासणीच्या पानात तो स्वर जरूर ठेवावा. भूपात कोमल निषाद नाही, पण तपासणीच्या पानाला रागाचे नियम लागू नाहीत.

अन्य सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी

डोरिकोमध्ये ‘लायब्ररी’ मेनूत संगीत-फॉन्टसाठी खिडकी आहे. मात्र बाहेरून आणलेला फॉन्ट संगणकावर बसवला तरी पुरत नाही. त्याच्याबरोबर येणारी माहितीची जेसन फाइल ठरलेल्या जागी असावी लागते, आणि फॉन्ट यादीत दिसत नसेल तर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. सिबेलियसमध्ये ‘अपीअरन्स’ टॅबमधील ‘हाउस स्टाइल’ गटात सर्व फॉन्ट बदलण्याची सोय आहे. तेथे मुख्य संगीत-फॉन्ट आणि मजकुरात वापरला जाणारा संगीत-फॉन्ट हे दोन्ही जोडीने बदलावेत. फिनालेचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवण्यात आला. त्यातील जुनी पाने ज्यांना दुसरीकडे न्यायची आहेत, त्यांनी स्थलांतरानंतर प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशेजारी ठेवून तपासावे.

फॉन्ट ठरला, की ‘फॉरमॅट’मधून अंतिम स्टाइल नव्या नावाने जतन करावी, पुढील प्रत्येक फाइलमध्ये ती उघडून लावता येते आणि पुन्हा किमती भरत बसावे लागत नाही. पथकाच्या वेगवेगळ्या वाद्यांची पाने एकाच स्कोअरमधून निघत असतील, तर बदल सर्व पार्टांना (एकेका वाद्याच्या पानांना) लागू करण्याचे बटण त्याच खिडकीत आहे; ते दाबायचे राहिले, तर मुख्य स्कोअर नव्या फॉन्टात आणि साइड ड्रमचे पान जुन्याच फॉन्टात छापले जाते. माझ्याकडे दोन स्टाइल फाइली आहेत, ‘मैदान’ आणि ‘सभागृह’ या नावांच्या, आणि छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांपैकी कोणती वापरली ते लिहिलेले असते.